मेटामटेरियलचा डिप दिसत नाही, किंवा भलतीकडेच दिसतो: काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की आमच्या मायक्रोवेव्ह लॅबच्या दारात कोणीतरी हिरवा बोर्ड आणि लॅपटॉप घेऊन उभं असतं. लॅपटॉपवर सिम्युलेशनचा आलेख, त्यात १० गिगाहर्ट्झला सुईसारखा खाली घुसलेला डिप, म्हणजे जिथे लाट आरपार जात नाही तो खड्डा. बोर्डावर तांब्याच्या बारीक चौकोनी रिंगांच्या ओळी, प्रत्येक रिंगेला एक चीर. ज्याचे गुण पदार्थापेक्षा अशा ठेवणीतून येतात, ते मेटामटेरियल. आणि वाक्य ठरलेलं: "सर, डिझाईन बरोबर आहे, पण मेजरमेंटमध्ये येतच नाही."

डिझाईन बहुतेक वेळा खरंच बरोबर असतं. घोटाळा असतो तो केबलमध्ये, बोर्ड धरण्याच्या पद्धतीत, नाहीतर बोर्ड बनवणाऱ्याला न सांगितलेल्या एखाद्या गोष्टीत. तरी मुलं सगळ्यात आधी रिंगेची मापं बदलून दुसरा बोर्ड करायला टाकतात, पंधरा दिवस जातात आणि तोच घोटाळा नव्या बोर्डावर पुन्हा दिसतो. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. एक्स बँडमधल्या, म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या, स्प्लिट रिंग रेझोनेटरबद्दल, म्हणजे याच चिरलेल्या रिंगांबद्दल, बोलतोय. इतर रचनांनाही यातलं बरंच लागू पडतं.

आधी लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कुठलं, ते ठरवा:

- डिप आहे, पण सिम्युलेशनपेक्षा २०० ते ८०० मेगाहर्ट्झ खाली किंवा वर.
- डिप मुळीच नाही, एस२१ची (नमुन्यातून पलीकडे पोचलेल्या लाटेची) रेषा सपाट.
- डिप आहे, पण उथळ आणि पसरट.
- कंगव्याच्या दातांसारखे सारख्या अंतरावर खूप डिप.
- केबलला हात लागला की आलेख हलतो.
- एस२१ छान जुळतो, पण त्यातून काढलेला अपवर्तनांक मध्येच उडी मारतो.

थोडी पार्श्वभूमी, कारण पुढचं तिच्यावरच उभं आहे. रिंग म्हणजे इंडक्टर, चीर म्हणजे कपॅसिटर. दोघांचं जमतं (रेझोनन्स) त्या फ्रिक्वेन्सीच्या जरा वर रिंगांच्या समूहाची पर्मिअॅबिलिटी (चुंबकीय क्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचा आकडा, म्यू) ऋण होऊ शकते. शेजारी तांब्याच्या तारा असतील तर पर्मिटिव्हिटीही (विद्युत क्षेत्रासाठीचा तसाच आकडा) ऋण होते आणि लाट उलट्या बाजूला वाकते. रशियन भौतिकशास्त्रज्ञ व्हेसेलागो यांनी हे १९६७ साली कागदावर मांडलं, ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पेंड्री यांनी १९९९ मध्ये रिंग सुचवली आणि २००१ मध्ये सॅन डिएगोच्या गटाने तसं वाकणं मोजून दाखवलं, तेही फायबरग्लासच्या सर्किट बोर्डांवर कोरलेल्या रिंगा आणि पट्ट्या वापरून. तेव्हा "आपला बोर्ड स्वस्तातला आहे ना, म्हणून" हे कारण पहिल्या दिवशी तरी मांडू नका.

फुकटातलं: केबल आणि रिकामं मोजमाप

बोर्ड बाजूला ठेवा. दोन हॉर्न अँटेना (कर्ण्याच्या आकाराचे) समोरासमोर, मध्ये काहीही नाही, दोन्ही केबलने नेटवर्क अॅनालायझरला, म्हणजे मोजणाऱ्या मशीनला, जोडलेले. थ्रू घेऊन, म्हणजे हे रिकामं मोजमाप संदर्भ धरून, रेषा शून्य डीबीवर (डेसिबलवर) आणा. आता केबल हलकेच हलवा. रेषा जागची हलली तर बाकी सगळं थांबवा. एसएमए कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड, सैल असतो, किंवा केबल आतून तुटत आलेली असते. कनेक्टर घट्ट करताना नट फिरवायचा, केबल नाही. केबल फिरवली की आतली पिन दुसऱ्या पिनेवर घासते. आणि लॅबमधला टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापलीकडे न आवळणारा) त्यासाठीच आहे. साध्या पान्याने आवळलेले एसएमए मी इतके पाहिलेत की आता तो साधा पाना मी ड्रॉवरला कुलूप लावून ठेवतो.

यानंतर दहा मिनिटं थांबून तीच रिकामी रेषा पुन्हा बघा. ती अर्ध्या डीबीने सरकली असेल, तर उद्या तुम्ही ज्याला मेटामटेरियलचा परिणाम म्हणाल त्यात हा अर्धा डीबी असणारच. मशीन सुरू करून तापायला वेळ द्या, मग कॅलिब्रेशन पुन्हा करा.

फुकटातलंच: बोर्ड कसा धरलाय?

डिप मुळीच नसेल तर कारण बहुतेक इथेच सापडतं.

रिंगेतून प्रवाह फिरवण्याचे दोन मार्ग. एक, लाटेचं चुंबकीय क्षेत्र रिंगेच्या भोकातून आरपार गेलं पाहिजे. त्यासाठी बोर्ड लाटेच्या दिशेला समांतर, कडेवर उभा हवा, पुस्तकाची पानं वाऱ्याच्या दिशेने उभी धरल्यासारखा. दोन, बोर्ड लाटेच्या समोर आडवा धरलात, खिडकीच्या काचेसारखा, तर चुंबकीय क्षेत्र भोकातून जात नाही. ते बोर्डाच्या पृष्ठभागावरून निघून जातं. अशा वेळी रिंग जागी होते ती विद्युत क्षेत्रामुळे, आणि तेही चीर असलेली बाजू विद्युत क्षेत्राला समांतर असली तरच. त्याच बोर्डाला ९० अंशात फिरवलं की डिप गायब.

म्हणून बोर्ड समोर धरून मोजत असाल तर आधी तो तिथल्या तिथे ९० अंशात फिरवा. पाच सेकंदांचं काम आहे. गेल्या वर्षी एका मुलीने दोन आठवडे सपाट रेषा बघितली होती. बोर्ड फिरवल्याबरोबर साडेनऊच्या आसपास डिप उगवला. ती आधी हसली, मग बराच वेळ गप्प होती.

पण इथे एक चकवा आहे. समोर धरलेल्या बोर्डाने दिलेला डिप म्हणजे ऋण पर्मिअॅबिलिटी नव्हे. तो विद्युत प्रतिसाद आहे. अहवालात "म्यू ऋण मिळाला" असं लिहायचं असेल तर बोर्डाच्या पट्ट्या कापून कडेवर उभ्या करण्याला पर्याय नाही. अशा रचनेला पदार्थापेक्षा स्वतःची ठेवण जास्त महत्त्वाची असते, हे आपल्याकडे फार आधी दिसलं होतं. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली तागाचे पिळलेले पेड लाटांच्या वाटेत ठेवले आणि ध्रुवीकरणाची पातळी फिरते हे दाखवलं. पीळ उलटा केला की फिरण्याची दिशाही उलटी. ताग तोच, पीळ बदलला.

हॉर्नची नळी जिथे अरुंद होते तिथे त्या आयताची आखूड बाजू विद्युत क्षेत्राची दिशा दाखवते. बोर्डाच्या कोपऱ्यात पर्मनंट मार्करने तसा बाण काढून ठेवा. हॉर्न वळला तर बोर्डही वळवायचा, हे मग विसरणार नाही.

पाच रुपयांची सेलोटेप

डिप दिसतोय, पण तो रिंगेचाच कशावरून? टेबलाच्या कडेवरून, स्टँडवरून, भिंतीवरून परतलेल्या लाटाही डिप देतात.

रिंगांच्या बाजूने, सगळ्या चिरा झाकल्या जातील अशी सेलोटेप चिकटवा. चिरेतल्या मोकळ्या हवेच्या जागी आता प्लॅस्टिक आलं, कपॅसिटन्स वाढला, म्हणजे डिप थोडा खाली सरकलाच पाहिजे. सरकला तर तो रिंगेचा. ढिम्म हलला नाही तर तो खोलीचा आहे, आणि त्याच्यावर प्रबंध लिहू नका.

याहून ठाम चाचणी म्हणजे बंद रिंग. दुसऱ्या तुकड्यावरच्या सगळ्या चिरा चांदीच्या वाहक रंगाने बुजवा. कपॅसिटर गेला, तर तो रेझोनन्सही गेला पाहिजे. शंभर चिरा ब्रशने बुजवणं हे शिक्षेचं काम आहे, त्यामुळे शहाणपण असं की बोर्ड बनवायला टाकतानाच त्याच पॅनेलवर बंद रिंगांचा एक तुकडा मागवायचा. मी आता तो तुकडा आणल्याशिवाय मशीनवर बसू देत नाही.

फॉइल लावलेला पुठ्ठा

उथळ डिपची तक्रार असेल तर हे करा. नमुन्याच्या नेमक्या मापाचा पुठ्ठा कापा आणि त्यावर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. १० गिगाहर्ट्झला लाट अॅल्युमिनियममध्ये एका मायक्रॉनच्या आतच विरते, त्यामुळे पातळ फॉइलसुद्धा भिंतीसारखी असते. नमुन्याच्या जागी हा पुठ्ठा ठेवून एस२१ बघा.

रेषा ३०-४० डीबी खाली गेली तर उत्तम. १५ डीबीच खाली गेली, तर उरलेली लाट पुठ्ठ्याला वळसा घालून कडेने पलीकडे पोचते आहे. मग तुमचा नमुना कितीही चांगला असो, त्याचा डिप १५ डीबीच्या फार खाली दिसणारच नाही. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटीमीटर. पोस्टकार्डाएवढा नमुना हॉर्नच्या तोंडापुढे अपुराच पडतो. मोठा नमुना करा, किंवा लाट शोषणाऱ्या अॅब्सॉर्बर फोमला खिडकी कापून त्यात नमुना बसवा. हॉर्न फार जवळही नकोत: १० सेंटीमीटर तोंडाच्या हॉर्नला दूर-क्षेत्रासाठी, म्हणजे लाट जवळपास सपाट होऊन पोचण्यासाठी, निदान ६७ सेंटीमीटर अंतर लागतं.

नमुना धरायला थर्माकोल वापरा. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, लाटेला तो दिसत नाही. लाकडी स्टँड आणि काच दिसतात.

कंगवा आला तर पट्टी काढा

सारख्या अंतराचे डिप म्हणजे लाट दोन पृष्ठभागांमध्ये ये-जा करते आहे. त्या पृष्ठभागांमधलं अंतर आलेखच सांगतो: प्रकाशाचा वेग भागिले, दोन शेजारच्या डिपमधल्या फ्रिक्वेन्सी-अंतराची दुप्पट. डिप १५० मेगाहर्ट्झच्या अंतराने आहेत? मग १ मीटर. १०० मेगाहर्ट्झ? दीड मीटर. मीटरपट्टी घ्या आणि खोलीत त्या अंतरावर काय काय आहे ते शोधा. आमच्याकडे ते एकदा लोखंडी कपाट निघालं, एकदा हॉर्नचं स्वतःचंच तोंड. मशीनमध्ये टाइम गेटिंगची (उशिरा पोचलेल्या लाटा वगळण्याची) सोय असेल तर त्याने कंगवा विंचरून निघतो. पण कपाट आधी हलवा, गेटिंग नंतर.

भिंग, आणि तो हिरवा रंग

आता बोर्डाकडे वळू. सराफ वापरतात ते दहापट भिंग घ्या, किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा.

मल्टिमीटर इथे कामाचा नाही, आणि यात दरवर्षी कोणीतरी फसतं. चिरेच्या दोन्ही टोकांना प्रोब लावले की मीटर बीप करतो आणि मूल घाबरतं: "सर, चीर शॉर्ट आहे!" अरे, चिरेची दोन्ही टोकं एकाच तांब्याच्या रिंगेची आहेत, मागून फिरून जोडलेलीच आहेत. तो बीप करणारच. मीटरचा उपयोग एवढाच, की रिंगा दुहेरी असतील तर आतली आणि बाहेरची रिंग एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना ते कळतं. चिरेत अडकलेला तांब्याचा केस मात्र डोळ्यांनीच शोधावा लागतो. चार-दोन रिंगा बिघडल्या तर फारसं बिघडत नाही. सगळ्याच चिरा आखल्यापेक्षा रुंद आल्या, तर डिप वर सरकतो.

आणि बोर्ड हिरवा का आहे? तो हिरवा रंग म्हणजे सोल्डर मास्क, लाखेसारखा थर. तो चिरेत भरतो आणि मघाच्या सेलोटेपचंच काम कायमचं करतो. सिम्युलेशनमध्ये तो तुम्ही काढला होता का? नव्हता. बोर्ड बनवणाऱ्यांना जोपर्यंत "मास्क नको" असं स्पष्ट कळवत नाही तोपर्यंत ते तो लावूनच देतात. त्यांचं ते रोजचं काम आहे, त्यांना दोष देता येत नाही. तीच गोष्ट वरच्या मुलाम्याची. गरम कथिलाचा मुलामा जाडीला असमान असतो. सोन्याच्या मुलाम्याखाली निकेल असतं आणि लाटेचा प्रवाह त्या लॉसवाल्या निकेलमधून वाहतो, म्हणून डिप पसरट होतो. उघडं तांबं किंवा चांदीचा पातळ मुलामा बरा.

हाताशी व्हर्नियर आहेच तर बोर्डाची जाडीही मोजा. ०.८ मिलीमीटर मागितलेला बोर्ड १.६ चा आलेला मी दोनदा पाहिलाय. १.६ हा बाजारातला नेहमीचा माल, फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला की तोच येतो.

एफआर-४ची पर्मिटिव्हिटी ४.४ आहे, हे कोणी सांगितलं?

सॉफ्टवेअरच्या यादीने. खरा एफआर-४, म्हणजे बोर्डाचा नेहमीचा माल, काचेच्या कापडाचा आणि रेझिनचा असतो. दोघांचं प्रमाण कारखान्यागणिक बदलतं आणि फ्रिक्वेन्सी वाढली की आकडाही थोडा उतरतो. रिंगेचं अर्धं क्षेत्र हवेत आणि अर्धं बोर्डात धरलं तर ४.४ ऐवजी ४.२ घेतल्यावर डिप साधारण २ टक्क्यांनी वर जातो. १० गिगाहर्ट्झला हे जवळजवळ २०० मेगाहर्ट्झ झाले. एवढ्या फरकासाठी रिंगेला हात लावायचा नसतो. सिम्युलेशनमध्ये ४.१ ते ४.६ असा स्वीप मारा, मोजलेला डिप त्या पट्ट्यात पडला की हा मुद्दा मिटला.

पसरटपणाचंही तसंच. एफआर-४चा लॉस टँजंट (बोर्ड लाटेची किती ऊर्जा खातो त्याचा आकडा) ०.०२ च्या आसपास. म्हणजे रेझोनन्सचा क्यू (टोकदारपणाचा आकडा) ५० ते १०० च्या पलीकडे जाणं अवघड, आणि १० गिगाहर्ट्झला डिपची रुंदी १००-२०० मेगाहर्ट्झ असणारच. सिम्युलेशनमधली ती सुई लॉस शून्य ठेवल्यामुळे आलेली असते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००६ साली ८.५ गिगाहर्ट्झचं अदृश्यतेचं आवरण केलं, तेव्हा रिंगा ड्युरॉइडवर, म्हणजे कमी लॉसच्या बोर्डावर, कोरल्या होत्या, त्या याचसाठी. ड्युरॉइड महाग आहे. आधी एफआर-४वर सगळं जुळवा, मग एकच शेवटचा बोर्ड ड्युरॉइडवर करा.

पावसाळ्यात मोजत असाल तर आणखी एक गोष्ट. एफआर-४ ओलावा पितो. १० गिगाहर्ट्झलाही पाण्याची पर्मिटिव्हिटी ५० च्या वर असते, त्यामुळे थोडा ओलावाही डिप खाली ओढतो आणि पसरवतो. बोर्ड १०५ अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये ठेवा, गार होऊ द्या, लगेच मोजा. डिप वर सरकला तर कारण सापडलं. ओव्हन लॅबचा घ्या. घरच्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजू नका.

वेव्हगाइडमध्ये मोजत असाल तर

वेव्हगाइड म्हणजे लाट वाहून नेणारी धातूची आयताकृती नळी. एक्स बँडच्या डब्ल्यूआर-९० नळीची आतली मापं २२.८६ आणि १०.१६ मिलीमीटर. रिंगांची पट्टी बरोबर मध्यावर, लांबीच्या दिशेने उभी हवी. तिथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सगळ्यात जास्त असतो आणि तो भोकातून जातो. पट्टी कलली की डिप उथळ होतो.

पट्टीच्या मागे तारा असतील तर त्यांची टोकं वरच्या आणि खालच्या भिंतीला खरोखर टेकली पाहिजेत. १० मिलीमीटर कापलेली पट्टी १०.१६ च्या नळीत सैल बसते. वर केसाएवढी फट राहते, तार तुटक होते, आणि ज्या पासबँडसाठी (लाट आरपार जाते त्या पट्ट्यासाठी) एवढा खटाटोप केला तो येतच नाही. पट्टी किंचित उंच कापून पॉलिश पेपरवर घासत बसवा. हे काम घाईत कोणाचंच झालेलं मी पाहिलेलं नाही.

सगळं जुळतंय, पण गणित वेडं झालंय

इथवर आलात तर हार्डवेअर सुटलं. एस-पॅरामीटरवरून (एस२१ आणि परतलेल्या लाटेचा एस११) अपवर्तनांक काढताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, संदर्भ पातळी. कॅलिब्रेशनची पातळी आणि नमुन्याचा पृष्ठभाग यांत १ मिलीमीटरची चूक म्हणजे १० गिगाहर्ट्झला हवेत १२ अंशांचा फेज, आणि परावर्तनात जाऊन-येऊन २४. मघाचा फॉइलचा पुठ्ठा नेमका नमुन्याच्या पुढच्या पृष्ठभागावर ठेवा. एस११चा फेज १८० अंशांवर आला नाही तर पातळी चुकली आहे.

दुसरं, चिन्हं. नमुना निष्क्रिय आहे, त्यामुळे इंपीडन्सचा वास्तव भाग धनच हवा. अपवर्तनांकाच्या काल्पनिक भागाचं चिन्ह तुमच्या सॉफ्टवेअरने वेळेचा घातांक कुठल्या चिन्हाने धरलाय त्यावर ठरतं. पुस्तकातलं सूत्र एका पद्धतीचं आणि मशीन दुसऱ्या पद्धतीचं, असं झालं की सगळं आरशात बघितल्यासारखं येतं.

तिसरं, उडी. लॉगॅरिदममध्ये फेज ३६० अंशांनी गुंडाळला जातो आणि योग्य फांदी कुठली, म्हणजे किती पूर्ण फेऱ्या धरायच्या, ते सूत्र सांगत नाही. एकाच थराचा पातळ नमुना मोजा, मग दोन थरांचा. अपवर्तनांक दोन्हींत सारखाच यायला हवा. ज्या फांदीवर तो सारखा येतो ती खरी. रेझोनन्सजवळ पर्मिटिव्हिटीचा काल्पनिक भाग उलट्या चिन्हाचा आला तर मात्र लगेच घाबरू नका. कोष (एका रिंगेची जागा) तरंगलांबीच्या मानाने फार लहान नसला की अशा काढलेल्या आकड्यांत हे येतं. ती ऊर्जा तयार होत असल्याची खूण नाही.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढे स्वतः काही करू नका.

पोर्टच्या कनेक्टरची मधली पिन वाकडी, आत गेलेली किंवा नेहमीपेक्षा बाहेर आलेली दिसली. ती चिमट्याने सरळ करायचा मोह होतो. एक वाकडी पिन जोडलेल्या प्रत्येक कनेक्टरला बिघडवत जाते, कॅलिब्रेशन किटसकट. लॅबच्या प्रमुखांना सांगा, पोर्टवर टोपी घाला, चिठ्ठी लावा.

चांगल्या केबलने, ताज्या कॅलिब्रेशननंतरही एकाच पोर्टची रेषा गोंगाटात बुडालेली. पोर्टचा आतला भाग स्थिर विजेने किंवा जास्त पॉवरने गेलेला असू शकतो. मशीन उघडू नका. ते सर्व्हिस इंजिनिअरचं काम आहे आणि झाकण उघडलं की वॉरंटीचाही प्रश्न येतो. बाहेरून अॅम्प्लिफायर जोडला असेल तर ते त्यांना लपवाछपवी न करता सांगा.

वरचं सगळं करून झालं, बंद रिंगेची चाचणीही नीट आली, तरी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगळी उत्तरं येतात. मग तुमची खोली आणि तुमचं किट यांच्या पलीकडचं मोजमाप हवं. मुंबईत पवईला समीर ही मायक्रोवेव्हसाठीचीच सरकारी संशोधन संस्था आहे. अशा ठिकाणी किंवा मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळेत आधी विचारून, वेळ ठरवून जा. जाताना नमुना, बंद रिंगांचा तुकडा, त्याच मापाची धातूची पट्टी, बोर्डाची मोजलेली जाडी आणि तुमचा रिकाम्या खोलीचा आलेख एवढं सोबत न्या. आणि नमुन्यावर तो मार्करचा बाण आहे ना, ते निघण्याआधी बघा. मागे एकजण बाण न काढता गेला आणि तिथल्या माणसाने बोर्ड आडवा लावून सपाट रेषेचा रीतसर अहवाल शिक्क्यासह हातात दिला.